ऐंशी अंश रेखांशावरचे दोन धक्के

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूरसह गोंदिया जिल्ह्यालाही तो जाणवला. नकाशात गोंदिया जिल्ह्यातले अर्जुनी मोरगाव शोधा. भूकंपाचे केंद्र तिथून दक्षिणेला सुमारे २६० किलोमीटरवर होते. उत्तरेला जवळपास तेवढ्याच अंतरावर जबलपूर आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे तिथे ५.८ चा भूकंप होऊन चाळीसच्या आसपास माणसे दगावली. तिन्ही ठिकाणे ऐंशी अंश पूर्व रेखांशालगत येतात.

ही सरळ रेष योगायोगाची आहे, पण तिच्या दोन्ही टोकांना कारण आहे. उत्तरेला नर्मदेचा पट्टा, दक्षिणेला गोदावरीची खचदरी. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. हिमालयापाशी तो अडतो आणि ताण अशा जुन्या, कमकुवत सांध्यांत साचतो. मधला अर्जुनीचा प्रदेश बस्तर क्रेटनच्या, म्हणजे भूखंडाच्या जुन्या स्थिर गाभ्याच्या, अब्जावधी वर्षांच्या थंड, कठीण खडकावर वसला आहे. असा खडक लाटा विरू देत नाही, म्हणून मध्यम धक्काही शेकडो किलोमीटर पोहोचतो.

हे झाले भूपट्टाच्या आतले भूकंप. दोन भूपट्ट जिथे भिडतात, त्या मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर गोष्ट वेगळी. तिथे कोकोस भूपट्ट वर्षाला सात-आठ सेंटिमीटर वेगाने कॅरिबियन भूपट्टाखाली घुसतो, त्यामुळे मोठे भूकंप वारंवार होतात. १३ जानेवारी २००१ रोजी एल साल्वाडोरच्या किनाऱ्याजवळ ७.७ चा भूकंप समुद्राखाली खोलवर झाला आणि नऊशेहून अधिक बळी गेले. बरोबर महिन्याने ६.६ चा धक्का बसला. त्याची ऊर्जा चाळीसपटीहून कमी होती, तरी तीनशेहून अधिक माणसे गेली, कारण तो जमिनीखाली आणि उथळ होता.

आपल्याकडेही खोलीचा हिशेब असाच लागतो. जबलपूर आणि मुलुगूचे भूकंप ३५ ते ४० किलोमीटर खोल होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा, पण उथळ. त्यात दहा हजारांच्या घरात बळी गेले. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते! दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांनीच तिथे झोपेतली माणसे मारली.

गोंदिया जिल्हाही कमी धोक्याच्या विभागात मोडतो. तेवढ्यावर विसंबू नका. घरकुल बांधत असाल तर दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा गवंड्याकडून घालूनच घ्या.