काझीची सही, कोर्टाचा शिक्का

निकाहनामा म्हणजे एका पानाचा कागद. वर छापील उर्दू, कुठे जोडीला इंग्रजी. खाली वधूवरांच्या, साक्षीदारांच्या आणि काझीच्या सह्या. मधल्या रकान्यात मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम आणि तिच्यापुढे ती नगद की उधार याची नोंद. विक्रोळीत पार्कसाइटच्या डोंगरउतारावरच्या घरांत हा कागद रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवलेला असतो. संसार नीट चालला तर तो वर्षानुवर्षं कुणी बाहेर काढत नाही. बिनसलं की सगळ्यात आधी त्याचीच शोधाशोध होते, कारण तो मोहल्ल्यातल्या काझीसाहेबांपुढे जितका चालतो तितकाच वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातही चालतो.

शरियत एका बाजूला आणि सरकारी कायदा दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी आपण सतत ऐकतो. मुंबईच्या कोर्टांत असे दोन तट नाहीत. न्यायासनावरची व्यक्ती कोणत्याही धर्माची असो, मुस्लिम जोडप्याचं प्रकरण आलं की तिला इस्लामी विवाहकायदा उघडावाच लागतो, आणि पुरावा, नोटीस, अपील मात्र सगळ्यांना असतं तसंच. ही सांगड बसायला दोनशे वर्षं लागली.

गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७च्या नियमावलीने मुंबई इलाख्यासाठी क्रम घालून दिला: आधी सरकारी नियम, ते नसतील तर देशरिवाज, रिवाजही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि काहीच नसेल तर न्याय आणि सदसद्विवेकबुद्धी. यात रिवाज धर्मकायद्याच्या वर बसला. त्याची किंमत मुलींनी मोजली. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाने दिलेला वारसा मागितला, तेव्हा न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज उचलून धरला आणि मुली रिकाम्या हातांनी परतल्या. १९३७च्या शरियत कायद्याने असे रिवाज बाजूला सारले. शेतजमीन मात्र त्यातून वगळली, आणि कोकणात घरदार-वाडी असलेल्या कुटुंबांत ही फट बारीक नाही.

काझीचं काय झालं? पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या कोर्टांत काझी न्यायाधीशाला शरियत समजावून सांगायला असत. १८६४ मध्ये ती पदं गेली. १८८०च्या काझी कायद्याने सरकारला काझी नेमता येऊ लागले, पण त्यांना न्यायदानाचा अधिकार मिळणार नाही हेही त्यातच लिहून ठेवलं. मग कोर्टाला शरियत सांगणार कोण? पुस्तकं. त्यांतलं सर्वांत चालणारं पुस्तक दिनशा फरदुनजी मुल्ला या मुंबईच्या पारशी वकिलाचं. १९०५च्या सुमारास निघालेल्या त्या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या आजही वकिलांच्या टेबलावर असतात. माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य असफ अली असगर फैजी यांचा ग्रंथ १९४९चा. या शहराने इस्लामी कायद्यासाठी केलेलं हे काम फार मोठं आहे, आणि त्याचा उल्लेख फार थोडे लोक करतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. हनफी पंथाच्या मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने जवळजवळ जन्मभर वाट पाहायची. मालिकी पंथ तिला चार वर्षांनी मोकळं करतो. उलेमांनीच, म्हणजे धर्मपंडितांनीच, हा मार्ग सुचवला आणि तो कायद्यात आला: चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, दोन वर्षं पोटगी नाही, छळ होतो, अशा कारणांवर स्त्रीने स्वतः घटस्फोट मागावा. निकाल देणारा न्यायाधीश मुस्लिमच हवा ही उलेमांची अट तेवढी विधिमंडळाने गाळली. पंथापंथातली भिंत ओलांडून, सरकारी कोर्टाच्या हातून, इस्लामी तत्त्वाने बाईला सोडवणारा कायदा! हनफी आणि कोकणातले शाफई एकाच चाळीत राहतात, आणि हा कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे.

नवऱ्याच्या बाजूने मात्र दार सताड उघडं होतं. पोटगीच्या दाव्याला उत्तर देताना ‘मी हिला तलाक दिलाय’ असं लेखी कैफियतीत घुसडायचं आणि सुटायचं. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पूर्णपीठाने हा रस्ता बंद केला. तलाकला सबळ कारण होतं का, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे नवऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध करायचं. मध्यस्थांची ही अट कुराणातलीच. धर्मग्रंथाचाच आधार घेऊन कोर्टाने नवऱ्याला अडवलं.

पोटगीचा इतिहास जास्त माहितीचा आहे. घटस्फोटित स्त्रीला पोटगी देणारा शाहबानो निकाल १९८५चा, त्यावर उतारा म्हणून केलेला कायदा १९८६चा. इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या, काळापुरतीच पोटगी, असा त्याचा अर्थ लावला जात होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूदही त्या काळातच करून द्यायची. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट केलं.

विक्रोळीच्या बाईला याचा अर्थ पायांनी मोजावा लागतो. मारहाण असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, किंवा एका दमात तलाक दिला असेल तर २०१९च्या कायद्याखाली, दंडाधिकाऱ्यांचं कोर्ट विक्रोळीतच आहे. २०१९च्या कायद्यातल्या तीन वर्षांच्या कैदेवर खूप भांडण झालं. तुरुंगातला नवरा घरी पैसे कसे पाठवणार, हा प्रश्न खराच आहे. माझ्या मते त्या कायद्यातली उपयोगी कलमं पाचवं आणि सहावं. दंडाधिकारी निर्वाह भत्ता ठरवतात आणि लहान मुलांचा ताबा आईला देतात. पोटगी किंवा घटस्फोट हवा असेल तर मात्र वांद्रे. कुर्ल्याला उतरा, बस किंवा रिक्षा पकडा, तारीख पडली की पुन्हा तेच. धुणीभांडी किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईची प्रत्येक तारखेला एक रोजी बुडते.

म्हणून पुष्कळ जणी आधी दारुल कझात, म्हणजे शरियतीप्रमाणे निवाडा देणाऱ्या केंद्रात, जातात. तिथे खर्च कमी आणि भाषा ओळखीची. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संघटनेने तर मुंबईत बायकांनीच चालवलेल्या शरियत अदालती उभ्या केल्या, आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात, कारण तिथे ऐकणारीही बाईच असते. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अशा निवाड्यांना कायद्याचं बळ नाही. मानले तर मानले. नवऱ्याने खुल्याचा, म्हणजे बायकोने मागितलेल्या घटस्फोटाचा, कागद नाकारला, पैसे थकवले, तर वसुलीचं वॉरंट काढायला शेवटी न्यायाधीशच लागतो. एप्रिल १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला तो याच बळासाठी.

पूर्व उपनगरांना कौटुंबिक न्यायालयाची स्वतःची शाखा हवी, आणि ती रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याजोगी हवी. तोवर वांद्र्याला निघणाऱ्या बाईने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्रात १९९४ पासून अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. आणि कौटुंबिक न्यायालयात वकील सक्तीचा नाही, तिथले समुपदेशक आधी दोघांना समोर बसवून बोलतात. पिशवीत निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, भाडेकरार आणि नवऱ्याच्या कमाईचा मिळेल तो पुरावा घ्यावा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, आणि मूळ निकाहनामा कुणाच्याही हातात सोडून येऊ नये.