गाडी मोडीत काढायची की आणखी एक एमओटी?

एमओटीच्या दिवशी दुपारी गॅरेजमधून येणारा फोन तुमच्याही ओळखीचा असेल. आवाज नम्र असतो, यादी लांब असते आणि शेवटी हमखास एक वाक्य येतं: गाडीचं वय बघता एवढा खर्च करायचा का, ते तुम्हीच ठरवा. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "इंजिन अजून ठणठणीत आहे." दुसरा म्हणतो, "गाडी धड हजाराची नाही आणि तिच्यावर साडेआठशे घालायचे?" माझ्या मते दोघांचाही हिशेब अर्धाच असतो.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं वरवर बिनतोड वाटतं, म्हणून आधी ते घेऊ. गाडी विकली तर किती येतील, हा प्रश्न विकणाऱ्याचा. तुम्हाला विकायची नाही, चालवायची आहे. तेव्हा दुरुस्तीची तुलना गाडीच्या किमतीशी न करता, ती गेल्यावर तिच्या जागी जे आणावं लागेल त्याच्या खर्चाशी करा. समजा, २०११ सालची पेट्रोल होंडा जॅझ आहे. मागची एक स्प्रिंग तुटली, पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड गेले, सायलेन्सरचा जोड गळतोय. बिल ८५० पौंड. गाडी तशीच भंगारात दिली तर समजा ३०० मिळतील. बरी म्हणावी अशी दुसरी जुनी गाडी ४,५०० ला, म्हणजे खिशातून ४,२०० जाणार. आणि त्या बदल्यात मिळणार अशी गाडी, जिचा आधीचा मालक क्लचवर पाय ठेवून चालवायचा की नाही हे तुम्हाला माहीत नाही. उलट ८५० पौंड एका वर्षावर पसरले तर महिन्याला साधारण ७१ पौंड पडतात. एवढ्या हप्त्यात दारात दुसरी गाडी कोण देतो?

आता पहिल्या पक्षाकडे वळू. "गेल्या वर्षीच तर सहाशेचा क्लच टाकला, आता कशी सोडायची?" ते सहाशे गेले, गाडी ठेवली काय आणि दिली काय, परत येणार नाहीत. मात्र क्लच गाडीतच आहे आणि तो इतक्यात जाणार नाही, हे खरं. म्हणजे मागचं बिल विसरायचं, पण नवा बसलेला भाग लक्षात ठेवायचा. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. बिलाची फाइल जपून ठेवलेली असते आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे कुणालाच आठवत नाही.

आपल्यापैकी जे मुंबईहून आले त्यांच्या डोक्यात गाडीचं वय पक्कं बसलेलं असतं. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. ती चालण्याजोगी होती की नव्हती, हा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये खाजगी गाडीला अशी वयाची अट नाही. इथे दरवर्षी प्रकृती तपासतात, जन्मतारीख नव्हे. त्यामुळे "तेरा वर्षं झाली, पुरे आता" हे कारणच होत नाही.

प्रकृतीचे कागद मात्र वाचावे लागतात. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो: कधी पास, कधी नापास, किती मैल आणि 'ॲडव्हायझरी', म्हणजे आज पास केलंय पण लक्ष ठेवा अशी सूचना. शेवटच्या चार-पाच वर्षांच्या सूचना एका बैठकीत वाचा. टायर, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब यांनी घाबरू नका, ते झिजण्यासाठीच असतात. पण 'कोरोजन' हा शब्द एका वर्षी पुढच्या बाजूला, दुसऱ्या वर्षी मागच्या बाजूला, तिसऱ्या वर्षी दोन्हीकडे दिसू लागला तर थांबून विचार करा.

कारण इथल्या गाड्यांना खरा मारतो तो गंज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, ते खालच्या पत्र्याला चिकटून बसतं आणि आपण फक्त वरून गाडी धुतो. (कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात ज्यांच्या खिडक्यांचे गज गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.) सीट बेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसवलेलं असतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर एमओटी नापास होतो. वेल्डिंग करता येतं, पण एक भोक बुजवताना शेजारचा पत्रा हाताने चुरतो, आणि अंदाजपत्रक कुठे थांबेल ते वेल्डरही छातीठोक सांगत नाही. स्प्रिंग, ब्रेक, सायलेन्सर, बॅटरी, अल्टरनेटर हे खर्च गाडी ठेवण्याच्या बाजूचे. पसरलेला गंज, गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पाणी आणि ऑइल एकत्र होणारं इंजिन हे बहुधा निरोपाच्या बाजूचे.

डिझेल गाडीचं वेगळं. तिच्या काजळीच्या फिल्टरला स्वच्छ व्हायला लांबची, वेगातली धाव लागते. आठवड्याला देऊळ, सुपरमार्केट आणि नातवाची शाळा एवढंच असेल तर तो फिल्टर तुंबतो. कुणी "काढूनच टाकतो, स्वस्तात होईल" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो काढलेला आढळला की एमओटी नापास. शिवाय लंडनचा यूलेझ आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना लागू आहे, नाताळचा दिवस सोडून रोज, चोवीस तास. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, म्हणजे आठवड्यातून दोनदा निघाली तरी वर्षाला तेराशे. साधारण २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या बहुतेक बसतात, डिझेल मात्र साधारण २०१५ च्या शेवटानंतरची लागते. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी असाच आकार आठ पौंड आहे. तुम्ही हॅरो किंवा हाउन्स्लोला राहात असाल आणि दारात २०१२ ची डिझेल उभी असेल, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. लंडनची भंगार-अनुदान योजनाही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली.

गॅरेजबद्दल एवढंच: यादीतल्या कोणत्या गोष्टीमुळे गाडी नापास झाली आणि कोणती "करून घेतलेली बरी" आहे, हे लेखी मागा. बिल पुष्कळदा तिथेच अर्धं होतं. अनेक कौन्सिलांची स्वतःची एमओटी केंद्रं जनतेसाठी खुली असतात. तिथे तुमच्या गाडीची दुरुस्ती होत नाही, म्हणून उगाच दोष काढण्यात कुणाचा फायदा नाही. शंका असेल तर पुढचा एमओटी तिथे करून बघा.

आता थोडं अवघड बोलतो, विशेषतः इथे जन्मलेल्या, चाळिशीत आलेल्या मुलामुलींशी. "बाबा, ती गाडी भंगारात द्या" असं तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही गाडीबद्दल बोलत असता. समोरच्या पंचाहत्तरीच्या माणसाला ऐकू येतं: "बाबा, आता तुम्ही गाडी चालवू नका." तासाला एक बस असलेल्या गावात, आईच्या हॉस्पिटलच्या तारखा सांभाळणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ फार मोठा असतो. मग ते इंजिनाची बाजू घेऊन भांडतात, आणि तुम्हाला वाटतं म्हातारा हट्टी झालाय.

हे दोन प्रश्न वेगळे करा. गाडी चालवायला लायक आहे का, ते एमओटी सांगतो. चालवणारा लायक आहे का, याला दुसरे मार्ग आहेत. सत्तरीनंतर लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, पण त्यात प्रकृतीची माहिती आपली आपणच द्यायची असते, परीक्षा नसते. २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, हा कायदाच आहे; फिरायला गेलात की सहज वाचायला सांगून बघा. काळजी खरी असेल तर तोंडावर बोला, पण गॅरेजच्या बिलाआडून नको. आणि काळजी नसेल, तर ज्या गाडीचं प्रत्येक बटण त्यांच्या बोटांना अंधारातही सापडतं ती आणखी दोन वर्षं ठेवायला ८५० पौंड महाग नाहीत. नव्या गाडीत स्वतःहून ब्रेक लावायची सोय असते, हा तुमचा मुद्दा मान्य. पण त्याच गाडीत काचेवरचं धुकं घालवायला स्क्रीनवर तीनदा बोट लावावं लागतं, हा बाबांचा मुद्दाही ऐका. मग ठरवा.

बाबा-आईंनो, तुम्हीही एक करा. "बघू नंतर" म्हणून एमओटी संपलेली गाडी ड्राइव्हवर ताडपत्रीखाली वर्षभर उभी ठेवू नका. बॅटरी जाते, ब्रेक धरून बसतात, आणि निर्णय तुमच्याऐवजी गंज घेतो.

देऊनच टाकायची ठरली तर परवानाधारक भंगार केंद्रालाच द्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख द्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा नोटा दाखवत दारात येणाऱ्याला परत पाठवा. खास नंबर असेल तर तो आधी आपल्याकडे ठेवून घ्या. लॉगबुकचा पिवळा भाग फाडून जवळ ठेवा आणि डीव्हीएलएला कळवा, नाहीतर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो, विमा मात्र स्वतः रद्द करावा लागतो. गाडी मोडल्याचा दाखला केंद्राकडून सात दिवसांत यायला हवा, नाही आला तर विचारा. आणि ट्रक येण्यापूर्वी डॅशबोर्डवरचा गणपती गरम पाण्याच्या फडक्याने सोडवून घ्या; ओढलात तर तळ तिथेच राहतो.