वृद्धांच्या खोलीतला हीटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक, निफाड, जळगाव, नागपूर या भागांत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा एक आकडी होते. इथली घरे मात्र उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. फरशी गार, खिडक्यांना फटी, वर पत्रा किंवा स्लॅब. तरीही हीटर म्हणजे चैन, स्वेटर आणि गोधडी असली की भागते, हा समज पक्का आहे. तरुणांचे बहुधा भागतेही. वय वाढते तसे स्नायू कमी होतात, शरीरात उष्णता कमी तयार होते, हुडहुडी उशिरा भरते आणि थंडी वाजते आहे हे जाणवायलाही वेळ लागतो. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. ती हिमालयातच येते असे नाही; गार खोलीत तासन्‌तास बसून असलेल्या अशक्त माणसालाही ती गाठू शकते. शिवाय थंडीने रक्तदाब वाढतो. म्हणून ‘मला कुठे थंडी वाजतेय’ या आजोबांच्या उत्तरावर न थांबता खोलीत एक साधा तापमापक टांगावा. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतील घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली किमान १८ अंशांची शिफारस केली आहे. आपल्याकडच्या गारठ्याच्या रात्रींनाही तो आकडा लावायला हरकत नाही.

सगळ्यांत घातक गैरसमज शेगडीचा आहे. कोळसे फुलून लाल झाले, धूर थांबला, आता घमेले आत घ्यायला हरकत नाही, असे मानले जाते. धूर दिसत नसला तरी फुललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. वयस्कर माणसाच्या बाबतीत ती पित्तावर किंवा थकव्यावर ढकलली जातात आणि त्याला झोपू दिले जाते, हीच खरी भीती. खिडकीला बोटभर फट ठेवल्याने धोका जात नाही. निखारे असोत, रॉकेलचा स्टोव्ह असो वा गॅसची शेगडी, निजायच्या खोलीत ऊब आणण्यासाठी यांतले काहीही पेटवू नये. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचा धोकाही याच जातीचा आहे.

विजेचा हीटर खोलीतला प्राणवायू खातो, ही समजूत याच्याशीच जोडलेली आहे. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नाही, त्यामुळे प्राणवायू खर्च होण्याचा प्रश्न येत नाही. घसा आणि नाक कोरडे पडते ते वेगळ्या कारणाने. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. १० अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा २० अंशांपर्यंत तापवली, तर तीच आर्द्रता जेमतेम ४२ टक्क्यांच्या आसपास दिसते. पाणी तेवढेच असते, हवा मात्र ते ओढून घ्यायला टपलेली असते. दम्याच्या रुग्णाला आणि कोरड्या डोळ्यांना याचा त्रास होतो; खोली प्रमाणाबाहेर न तापवणे हा त्यावरचा साधा उपाय.

दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य असे: ‘ऑइल हीटर घ्या, वीज कमी लागते.’ ऑइल हीटरमधले तेल जळत नाही, बदलावेही लागत नाही. ते बंद पन्हाळींत फिरत उष्णता साठवून ठेवते, इतकेच. २,००० वॉटचा ऑइल हीटर, २,००० वॉटचा ब्लोअर आणि २,००० वॉटचा रॉड हीटर तासभर सलग चालले तर तिघेही २ युनिट वीज घेतात आणि उष्णताही सारखीच देतात. फरक पडतो तो उष्णता कशी मिळते यात. रॉड किंवा हॅलोजन हीटर समोरच्या माणसाला लगेच शेकतो, पण त्याचा लालभडक रॉड जाळीच्या आत बोटभर अंतरावर असतो. साडीचा पदर, शाल, मफलर तिथे टेकायला क्षण पुरतो. ब्लोअर खोली लवकर तापवतो, पण आवाज करतो आणि धूळ उडवतो. त्यातल्या सिरॅमिक पीटीसी प्रकारात मात्र एक चांगला गुण आहे: तापमान वाढले की घटकाचा विद्युतरोध वाढतो आणि प्रवाह आपोआप कमी होतो, त्यामुळे तो लाल होईपर्यंत तापत नाही. ऑइल हीटर खोली तापवायला अर्धा-पाऊण तास घेतो, पण नंतर शांतपणे ऊब टिकवतो. वृद्धांच्या निजायच्या खोलीसाठी थर्मोस्टॅट (खोली पुरेशी तापली की हीटर आपोआप बंद करणारे साधन) असलेला ऑइल हीटर किंवा सिरॅमिक हीटर या दोघांतूनच निवड करावी. रॉड हीटर कितीही स्वस्त मिळाला तरी या खोलीत आणू नये.

अर्थात ऑइल हीटरने भाजत नाही, हेही खरे नाही. ६० अंशांच्या पाण्याने निरोगी प्रौढाची कातडी साधारण पाच सेकंदांत भाजते, आणि हीटरचा पत्रा याहून जास्त तापू शकतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका बसल्याचे कळतच नाही. सकाळी फोड दिसतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हीटरला पाय लावून बसण्याची सवय असेल तर पोटऱ्यांवर तांबूस-तपकिरी जाळीदार डाग उमटतात. तो कातडी उष्णतेने खराब होत असल्याचा इशारा असतो. काश्मीरमध्ये पोटाशी, मांड्यांशी धरलेल्या कांगडीमुळे (निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीमुळे) वर्षानुवर्षांनी त्वचेचा कर्करोग झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात फार जुनी आहे. हीटर आणि माणूस, हीटर आणि पांघरूण यांत किमान ३ फूट अंतर हवे.

कलंडल्यावर बंद पडणारा स्विच असला की काळजी मिटली, असे अनेकांना वाटते. तो स्विच हीटर आडवा झाला तरच काम करतो. गोधडी घसरून हीटरवर पडली, ओला टॉवेल वाळत घातला, तर हीटर उभाच असतो. अशा वेळी उपयोगी पडते ते अतिउष्णतेला प्रवाह तोडणारे वेगळे साधन. दोन्ही आहेत का, ते विचारूनच घ्यावे. दुकानात हीटर चालू करून हळूच कलंडवून पाहावा. ‘टक्’ असा आवाज येऊन तो लगेच बंद झाला पाहिजे.

थर्मोस्टॅटला लोक सोय समजतात. वृद्धांच्या खोलीत ती सुरक्षेची गरज आहे. थर्मोस्टॅट नसलेल्या हीटरच्या माहितीपत्रकात बहुधा एक बारीक अक्षरांतली सूचना असते: स्वतःहून खोलीबाहेर जाऊ न शकणारी व्यक्ती लहान खोलीत असेल, तर सतत कोणी लक्ष ठेवून असल्याशिवाय हा हीटर वापरू नये. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी हीटर घेणाऱ्याने ही ओळ घरी येऊन नव्हे, दुकानातच वाचायला हवी. हीटरला बाहेरून टायमर लावून ठेवण्यालाही अशाच पत्रकांत मनाई असते, कारण वर कापड पडलेले असताना तो आपोआप सुरू होऊ शकतो. विस्मरण होणाऱ्या माणसाकडे हीटरची बटणे न सोपवता घरातल्या दुसऱ्या कोणी तरी निजण्याआधी खोली तापवून हीटर बंद करावा, हेच बरे.

आयएसआय चिन्ह हवेच, पण ते खरे आहे का हे बीआयएस केअर या ॲपवर परवाना क्रमांक टाकून पाहता येते. चिन्ह हीटरपुरते असते, घरातल्या वायरिंगची हमी ते देत नाही. २,००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे सुमारे १,३८० वॉटपुरता; बाजारातले बरेचसे एक्स्टेन्शन बोर्डही तेवढ्याच क्षमतेचे. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर लावला की हीटर चालतो खरा, पण आत वायर तापत राहते. हीटर १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटमध्येच थेट लावावा. अर्ध्या तासाने हीटर बंद करून प्लग काढावा आणि पिनांना न शिवता त्याच्या प्लास्टिकला हात लावून पाहावा. तो गरम लागला तर सॉकेट सैल झाला आहे, वायरमनला बोलवावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवला आहे का, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्यावे.

जास्त वॉटचा हीटर म्हणजे चांगला, हेही नेहमी खरे नसते. दर चौरस फुटाला साधारण १० वॉट असा ढोबळ हिशेब धरला तर १२० चौरस फुटांच्या खोलीला १,२०० ते १,५०० वॉट पुरतात. वर पत्रा असेल तर थोडे जास्त लागतात.

जागेचा विचार बहुतेक वेळा शेवटी होतो. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर हीटर किंवा त्याची वायर असेल, तर रात्री अंधारात अडखळून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. ऑइल हीटर जड असतो, त्यामुळे तो रोज हलवायचे काम आजीवर पडू नये. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर हीटर त्याच्या जवळपासही नको, कारण प्राणवायूने भरलेल्या कापडावर ठिणगी पडली तर ते भडकून पेटते. तेल चोळून शेक घेणाऱ्यांनी तेलकट पंचा हीटरजवळ ठेवू नये. ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. तो भिंतीवर उंच असतो, कोणाच्या हाताला लागत नाही, आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणत असल्याने एका युनिटमध्ये हीटरच्या दोन-तीन पट ऊब देतो.