समुद्रकाठच्या शहरात बर्फाचे खेळ

आज जरा लांबच्या गावाला जाऊ या. रशिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फच बर्फ येतो. पण त्याच रशियात काळ्या समुद्राच्या काठी सोची नावाचं शहर आहे. तिथे रस्त्याच्या कडेने पामची झाडं आहेत, आसपासच्या डोंगरउतारांवर चहाचे मळे आहेत. उत्तरेकडून येणारे गार वारे कॉकेशसच्या डोंगररांगा अडवून धरतात, म्हणून ऐन फेब्रुवारीतही किनाऱ्यावर दिवसा दहा अंशांच्या आसपास तापमान असतं. रशियातले लोक सुट्टी काढून ऊन खायला जातात, असं हे ठिकाण. आणि २०१४ साली हिवाळी ऑलिम्पिक भरलं ते इथेच!

हिवाळी ऑलिम्पिक म्हणजे बर्फावरचे खेळ. मग बर्फच नाही तिथे ते कसे खेळायचे?

यातले निम्मे उत्तर सोपे आहे. बर्फावर नाचत घसरणं, बर्फावरची हॉकी, घसरगाडीच्या बुटांवरची शर्यत हे खेळ छपराखाली होतात. आपल्या डेअरीत दूध थंड करणारी टाकी असते ना, तिथे दूध चार अंशांवर राहतं, बाहेर मे महिना का असेना. तोच प्रकार इथे मोठ्या प्रमाणावर. मैदानाच्या काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं घालतात, त्यातून गोठणबिंदूखाली गार केलेलं द्रावण फिरवतात आणि वरून पाण्याचे पातळ पातळ थर देत जातात. दोनेक बोटं जाडीचा बर्फ झाला की मैदान तयार. पैसा आणि वीज असेल तर असं मैदान कुठेही होतं. आपल्याकडच्या मॉलमध्येसुद्धा झालं आहे.

खरी परीक्षा डोंगरावरची. स्कीच्या शर्यतींना उंचावरून खाली येणारा मैलभराचा बर्फाळ उतार लागतो आणि त्यावर छप्पर घालता येत नाही. सोचीला इथे भूगोलाने हात दिला. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. सोचीजवळच्या क्रास्नाया पोल्याना भागातले डोंगर २,३०० मीटरच्याही वर जातात. म्हणून सोहळा दोन ठिकाणी विभागला. छपराखालचे खेळ किनाऱ्यावर, बाकीचे डोंगरात, आणि दोन्ही जोडायला सुमारे ४८ किलोमीटरचा नवा रस्ता आणि रेल्वे.

तरी डोंगरातही हिवाळा दगा देतो, हे ठाऊक होतंच. म्हणून शेकडो यंत्रं लावली. ही यंत्रं पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात, ते खाली पडेपर्यंत गोठतात. पण त्याला नुसती गार हवा पुरत नाही, ती कोरडीही लागते. हे तुम्हाला माठावरून कळेल. कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी गारेगार होतं, पावसाळ्यात तोच माठ तसा गारवा देत नाही, कारण दमट हवेत पाणी उडून जात नाही. समुद्र जवळ असला की हवा दमट, आणि दमट हवेत बर्फ करणं अवघड. म्हणून सोचीकरांनी आदल्या हिवाळ्यातला बर्फ साठवून ठेवला. लाखो घनमीटर बर्फाचे ढीग रचले, वर ऊन आणि उष्णता अडवणारी जाड आच्छादनं घातली आणि उन्हाळाभर सांभाळले. लग्नात बर्फाची लादी भुशात, गोणपाटात गुंडाळून आणतात तीच युक्ती, फक्त डोंगराएवढी.

एवढं करूनही फेब्रुवारीच्या मध्यावर चांगलंच ऊन पडलं. किनाऱ्यावर लोक अंगावर ऊन घेत पडले होते. डोंगरातला बर्फ भुसभुशीत झाला, काही स्कीपटूंनी कपड्यांच्या बाह्या कापून टाकल्या. तेव्हा स्वित्झर्लंडहून विमानाने जाडं मीठ मागवलं! हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ का टाकतात, आठवतं? मिठाने वरचा थर थोडा वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि खालचं पाणी घट्ट गोठतं. असा उतार कडक केला. धुक्याने काही शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या, पण ठरलेल्या सगळ्या ९८ स्पर्धा पार पडल्या.

जाता जाता, आपलाही तिथे एक माणूस होता. मनालीचा शिवा केशवन, घसरगाडीच्या शर्यतीचा खेळाडू. हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर चाकं लावलेल्या गाडीवर सराव करून तो तिथवर पोचला. भारताच्या ऑलिम्पिक संघटनेवर तेव्हा बंदी होती, म्हणून त्याला तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली उतरावं लागलं. त्याची शर्यत झाली आणि दोनच दिवसांनी बंदी उठली.

तर उष्ण शहराला हे जमतं का? खेळ झाले एवढंच पाहिलं तर जमलं. पण गटात एखादी ताई कर्ज मागते तेव्हा आपण धंदा चालेल का एवढंच विचारतो का? खर्च किती, आणि तो कोणाच्या डोक्यावर, हेही विचारतो. सोचीने सुरुवातीला सांगितलेला खर्च १२ अब्ज डॉलर होता. शेवटी जो आकडा जगभर छापून आला तो ५१ अब्ज, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीन लाख कोटी रुपयांहून जास्त. रशियाचं सरकार म्हणत होतं की यातले बरेचसे पैसे रस्ते-रेल्वेसारख्या कायमच्या कामांचे आहेत. त्यात तथ्य आहे. पण पाच रुपयांचं काम वीस रुपयांवर गेलं तर हिशेबाची वही मागायलाच हवी.

किनाऱ्यावरची सखल जमीन मैदानांसाठी घेतली, तेव्हा सुमारे २,००० कुटुंबांना उठावं लागलं. आणि अख्श्तीर नावाचं एक लहानसं गाव आहे. नवा रस्ता आणि रेल्वे त्याच्या शेजारून गेली, पण गावाला त्या रस्त्यावर चढायची वाट ठेवली नाही. बांधकामांपायी गावच्या विहिरी गेल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने नोंदवलं आहे की तिथल्या लोकांना कित्येक वर्षं टँकरच्या पाण्यावर काढावी लागली. वर डोंगरात यंत्रांना बर्फ करण्यासाठी तलाव बांधलेले, आणि खाली हंडे टँकरची वाट पाहत. टँकरची वाट पाहणं म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मला या सगळ्या प्रकरणात ते मीठ, ते बर्फाचे ढीग यापेक्षा हे गावच जास्त लक्षात राहिलं.

हा त्रास काही सोचीपुरता नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरला २०१० मध्ये एका डोंगरावर ट्रकने आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणावा लागला. २०२२ मध्ये बीजिंगला थंडी भरपूर, पण हवा इतकी कोरडी की बर्फच पडत नाही. तिथे जवळजवळ सगळा बर्फ यंत्राचा होता. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आजवरच्या २१ यजमान शहरांचा हिशेब मांडला. जगाने धूर-कार्बन असाच सोडला तर या शतकाच्या अखेरीस त्यातलं एकच शहर भरवशाचं उरेल, जपानचं साप्पोरो. म्हणजे थोड्या वर्षांनी आजची थंड शहरंही सोचीच्याच रांगेत येतील.

२०३० चे खेळ फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात व्हायचे आहेत. ते २०२४ मध्ये मंजूर झाले तेव्हाच्या आराखड्यात छपराखालचे बहुतेक बर्फाचे खेळ नीस या समुद्रकाठच्या, पाम झाडांच्या शहरात ठेवले होते. वेळ आली की बातम्या बघा. मैदान कसं गोठवलं हे टीव्हीवर दाखवतीलच. पाणी कुठून आणलं, हे सांगतात का, तेवढं कान देऊन ऐका.