पॅसेंजर गाडीतले विद्यार्थी

जर्मनीतील ‘डॉइचलँड-तिकीट’ या मासिक पासाची किंमत २०२६च्या १ जानेवारीपासून ५८ युरोंवरून ६३ युरोंवर गेली, ही वार्ता ज्यांच्या घरचे कोणी त्या देशात शिकत नाही त्यांनी वाचून सोडून दिली असेल. परंतु पुण्या-नाशकापासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत ज्या घरांतला मुलगा किंवा मुलगी आज तेथील एखाद्या विद्यापीठाच्या पटावर आहे, त्या घरांत या पाच युरोंचा विषय निघाल्यावाचून राहिला नसेल. आणि अशी घरे आता थोडी नाहीत. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत चिन्यांना मागे टाकून आपली मुले त्याच्या आदल्याच वर्षी अग्रस्थानी आली होती.

या पासाचा इतिहास अल्प आहे. २०२२च्या उन्हाळ्यात तीन महिने अवघ्या ९ युरोंत देशभर हिंडण्याची मुभा सरकारने दिली. लोकांना ती इतकी भावली की मे २०२३पासून ४९ युरोंचा कायमचा मासिक पास निघाला, २०२५च्या आरंभी तो ५८ झाला आणि आता ६३. विद्यार्थ्यांसाठी त्याचीच सवलतीची आवृत्ती आहे. जेथे विद्यार्थिसंघाने ती स्वीकारली आहे तेथे पटावरील प्रत्येकाने, प्रवास करो वा न करो, पूर्ण किमतीच्या साठ टक्के भरावयाचे असा शिरस्ता आहे. त्या प्रमाणाने नव्या दराचा हिशेब महिना ३७ युरो ८० सेंट असा होतो. या पासावर ट्राम, बस, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक आगगाड्या चालतात. लांब पल्ल्याच्या शीघ्रगती गाडीत मात्र पाऊल टाकण्याची परवानगी नाही. सारांश, आपल्या भाषेत ज्याला पॅसेंजर म्हणतात त्या गाडीचा हा परवाना. माझे या लेखातले म्हणणे एवढेच आहे की, हे बंधन विद्यार्थ्याच्या दृष्टीने लाभाचे आहे, आणि म्हणूनच त्या पासाची किंमत वाढणे ही मला खेदाची गोष्ट वाटते.

जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जासोबत वर्षाच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवावयाचे आणि तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्यातून उचलावयाचे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसले तरी खोलीचे भाडे, आरोग्यविमा आणि शिधा यांत ही रक्कम कापरासारखी उडून जाते. मग जमाखर्चाच्या वहीत प्रथम कात्री लागते ती ‘फिरणे’ या सदराला. घरची वडील माणसेही दूरध्वनीवरून तेच विचारतात: शिकायला गेला आहेस की फिरायला? प्रश्नामागची काळजी खरी आहे, कित्येकदा त्या बंद खात्यामागे घरावर काढलेले कर्ज असते. पण शिकणे आणि फिरणे यांचा जो विरोध त्यात गृहीत धरला आहे, तो मला मान्य नाही.

ग्योटिंगेनचे उदाहरण घेतो. मध्य जर्मनीतले हे लहानसे नगर विद्यापीठामुळेच नावारूपाला आले, आणि १७३७ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचा जीवनक्रम हाच नगराचाही जीवनक्रम आहे. तेथे वेळापत्रकात दहाचा तास लिहिलेला असला तरी व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. ही पंधरा मिनिटांची सूट जुन्या विद्यापीठांनी वहिवाट म्हणून जपली आहे. तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, मुठीने बाकावर टकटक करतात, आणि पहिल्या दिवशी आपला विद्यार्थी दचकतो. गुणपत्रिकेत १ हा अंक सर्वोत्तम आणि ४ म्हणजे कसेबसे उत्तीर्ण, हे घरी समजावून सांगण्यात एक अख्खा रविवार जातो. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या खानावळीत, जिला ते मेन्झा म्हणतात. तेथे शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही, परंतु बटाट्याच्या पलीकडे जाण्याची जिद्द रोजच असेल असे नाही. म्हणून संध्याकाळी वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात महाराष्ट्रातून नेलेला कुकर शिटी देतो, शेजारचा कोणी चिली देशातला किंवा सीरियातला मुलगा प्रथम घाबरतो आणि पुढे आमटीचा नियमित गिऱ्हाईक होतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साठवून दुकानातल्या यंत्रात टाकल्या की प्रत्येकीमागे अनामत ठेवलेले २५ सेंट परत मिळतात. महिन्याच्या अखेरीस दूध आणि पाव त्यातूनच येतात. नोकरीलाही मर्यादा आहे: वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. बहुतेक मुले ते प्रयोगशाळेत, उपाहारगृहात किंवा गोदामात घालवतात. डिसेंबरात चार वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळतो, आणि उष्ण देशातून आलेल्या तरुणाचे मन त्या दीर्घ अंधारात कसे खचते याची कल्पना इकडे बसून येत नाही.

आणि मग येतो रविवार. कायद्याने दुकाने बंद, काचेच्या बाटल्या टाकण्याच्या पेट्यांपाशी आवाज करण्यास मनाई, रस्ते निर्मनुष्य. खोलीत बसले तर घराची आठवण अंगावर येते. बाहेर पडले तर खिशात पास आहे. जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्याचे पर्यटन हौसेपेक्षा या रविवारमुळे अधिक सुरू होते, असे माझे मत आहे.

पहिले काही रविवार नगरालाच पुरतात. जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर १९०१ पासून हंस राखणाऱ्या मुलीची मूर्ती आहे, आणि जो कोणी विद्यावाचस्पती होतो तो मित्रांनी सजवलेल्या हातगाडीतून मिरवत येऊन, वर चढून, तिच्या गालाचे चुंबन घेतो. १९२६ मध्ये नगरपालिकेने यावर बंदी घातली होती, ती कोणी पाळली नाही. जुन्या तटाचा आता वृक्षांनी आच्छादलेला फिरण्याचा मार्ग झाला आहे, आणि त्याच्या कडेला ज्या छोट्या घरात विद्यार्थिदशेत बिस्मार्क राहिला ते घर उभे आहे. परंतु माझ्या मते या नगरातले सर्वश्रेष्ठ दर्शनीय स्थळ म्हणजे तेथील दफनभूमी. एकाच आवारात प्लांक, ओटो हान, फोन लाउए, नेर्न्स्ट आणि माक्स बॉर्न यांच्यासह आठ नोबेल-मानकरी चिरनिद्रा घेत आहेत, आणि गणितज्ञ हिल्बर्टही तेथेच आहे. बॉर्नच्या शिळेवर क्वांटम यामिकीचे मूलसूत्र कोरलेले आहे. याच बॉर्नला १९३३ मध्ये ज्यू म्हणून या विद्यापीठातून दूर करण्यात आले, पुढे काही काळ तो बंगळुरास रामन यांच्या संस्थेत येऊन राहिला, आणि अखेर या नगराच्या मातीतच त्याला विसावा मिळाला. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या ज्या मुलाने हे सूत्र पुस्तकात शंभरदा पाहिले आहे, त्याला ते दगडावर वाचताना काय वाटत असेल!

आणि या नगराचा एक धागा थेट पुण्यात येतो, म्हणून येथे किंचित रेंगाळतो. फ्रान्झ कीलहॉर्न नावाचा तरुण जर्मन पंडित १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा अध्यापक म्हणून आला, आणि सुमारे पंधरा वर्षे राहिला. युरोपात संस्कृत शिकून आलेला हा प्राध्यापक पुण्याच्या शास्त्र्यांपुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, नागोजीभट्टाचा ‘परिभाषेन्दुशेखर’ त्याने परंपरेच्या मार्गाने अभ्यासला, संपादिला, इंग्रजीत आणला, आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्याने सिद्ध केलेली तीन खंडांची आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. त्याच्यानंतर डेक्कन कॉलेजातल्या त्या आसनावर रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. कीलहॉर्न ग्योटिंगेनला प्राध्यापक झाला. आणि १८८५ मध्ये त्याच विद्यापीठाने भांडारकरांना सन्मानाची पदवी दिली. मुंबई सरकारसाठी या दोघांनी व इतरांनी गावोगाव फिरून जी हस्तलिखिते जमवली, ती आज भांडारकर संस्थेच्या दप्तरात आहेत. म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वी परदेशी शिकण्याचा ओघ दोन्ही दिशांनी वाहत होता, आणि कीलहॉर्नने पुण्यात येऊन जे केले ते केवळ वर्गातल्या व्याख्यानांनी साधण्यासारखे नव्हते. त्याचप्रमाणे पुढच्या शतकात हायडेलबर्गच्या विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर आणि जेजुरीच्या यात्रेत हिंडले, म्हणूनच बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ झाला. ते महाराष्ट्रात शिकायला आले होते की फिरायला, असे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांना उत्तर देणे कठीण गेले असते.

आता गाडीकडे वळतो. ग्योटिंगेनहून कासेलला शीघ्रगती गाडी वीस मिनिटांच्या आत नेते, परंतु १९९१ मध्ये खुल्या झालेल्या त्या लोहमार्गाचा मोठा भाग बोगद्यांतून जातो आणि प्रवाशाच्या वाट्याला काळोख येतो. पॅसेंजर मात्र जुन्या मार्गाने, दऱ्याखोऱ्यांच्या कडेने, तिप्पट वेळ घेत जाते, आणि प्रथम फ्रीडलँड नावाच्या खेड्यात थांबते. सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी येथे निर्वासितांसाठी छावणी उघडली, कारण तीन लष्करांच्या अंमलाखालील प्रदेशांच्या सीमा येथे मिळत होत्या. पूर्वेतून हाकलले गेलेले लोक, परतणारे युद्धकैदी, पुढे निरनिराळ्या खंडांतले आश्रित, असे चाळीस लाखांहून अधिक लोक तिच्यातून गेले. जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. ज्याच्या आजोबांनी फाळणीच्या कहाण्या ऐकवल्या असतील, अशा भारतीय विद्यार्थ्याला तेथल्या पेट्या आणि बोचकी परकी वाटणार नाहीत. त्याच दिशेने एर्फुर्टकडे जाणारी गाडी थोड्याच अंतरावर पूर्व आणि पश्चिम जर्मनीची जुनी सीमा ओलांडते. आता तेथे शेते आहेत, आणि गाडी वेगही कमी करीत नाही.

कासेलच्या वाटेवरच हानोवरचे म्युंडेन लागते, जेथे वेरा आणि फुल्डा या नद्या मिळून वेझर होते. कासेलला मात्र उन्हाळ्यात बुधवारी किंवा रविवारी जावे. डोंगरमाथ्यावर १७१७ मध्ये पुरा झालेला हर्क्युलिसचा पुतळा आहे, आणि दुपारी अडीच वाजता त्याच्या पायथ्यापासून पाणी सोडतात. ते पायऱ्यापायऱ्यांनी, धबधब्यांनी, कमानींवरून उतरत जाते, लोक त्याच्याबरोबर चालत खाली येतात, आणि शेवटी सुमारे पन्नास मीटर उंचीचे कारंजे उसळते. साऱ्या खटाटोपात एकही पंप नाही. फक्त उंचीवरच्या जलाशयांचा दाब. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने द्रवगतीचे प्रकरण येथे एकदा पाहावे. गोस्लारजवळची रामेल्सबर्गची खाण, जी हजार वर्षांहून अधिक काळ चालून १९८८ मध्ये बंद झाली, ती खनिजशास्त्र शिकणाऱ्यांनी चुकवू नये. बाकीच्यांनी गोस्लारच्या लाकडी घरांसाठी जावे.

वायमारची वाट दोन-अडीच तासांची आहे. तेथे ग्योटे आणि शिलर यांची घरे पाहून झाल्यावर बहुतेक मुले परतीची गाडी धरतात. मी त्यांना आग्रहाने सांगेन की स्थानकासमोरून बुखेनवाल्डला जाणारी बस आधी धरावी. नगराच्या डोक्यावरच एटर्सबर्गच्या टेकडीवर ही छळछावणी होती, ५६,००० माणसे तेथे प्राणास मुकली, आणि प्रवेशद्वारावरचे घड्याळ ११ एप्रिल १९४५ रोजी मुक्ततेची जी वेळ झाली, त्या सव्वातीनवर स्थिर ठेवले आहे. दर्शनास मूल्य नाही. ग्योटेचे नगर आणि ही टेकडी यांत बसने वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर आहे, ही गोष्ट जर्मन संस्कृतीविषयी दहा व्याख्याने ऐकूनही अंगी भिनत नाही. ती त्या बसमध्ये बसून भिनते. जो देश आपल्या लज्जेचे स्थळ जपून ठेवतो आणि शाळकरी मुलांना वर्गच्या वर्ग तेथे आणतो, त्या देशापासून शिकण्यासारखे बरेच आहे.

गाड्या उशिरा येतात, जोडगाडी चुकते, आडगावच्या फलाटावर तासभर थंडीत उभे राहावे लागते. हे सर्व खरे. पण भाषा तेथेच येते. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात बी-वनची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीला ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत दिवसभर इंग्रजीच बोलावे लागते. क्राइएन्झेनच्या फलाटावर पुढची गाडी रद्द झाल्याची घोषणा झाली की शेजारच्या आजीबाईंना विचारण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्या आजीबाई गाडीबद्दल सांगून थांबत नाहीत.

नव्या दराने सवलतीच्या पासाचा वर्षाचा खर्च ४५३ युरो ६० सेंट होतो. बंद खात्यातल्या ११,९०४ युरोंच्या चार टक्क्यांहूनही कमी. जेथे विद्यार्थिसंघाने हा पास घेतलेला नाही तेथे मात्र पूर्ण ७५६ युरो मोजावे लागतील, आणि ते सर्वांना झेपणार नाहीत. या पासामुळे येणाऱ्या तुटीचा भार जर्मन सरकारे आपसात कसा वाटून घेतात हा त्यांचा प्रश्न आहे; आपल्या हातात आहे ते आपण करावे. महाराष्ट्रातील ज्या शिक्षणसंस्था आणि न्यास परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वा बिनव्याजी कर्ज देतात, त्यांनी विमानभाडे, विमा आणि पुस्तके यांच्या खाली अंतर्गत प्रवासाचे एक स्वतंत्र कलम घालावे, त्यासाठी या ४५३ युरोंची मंजुरी द्यावी, आणि त्याचा हिशेब पावत्यांनी न मागता प्रत्येक सत्राअखेरीस मराठीत लिहिलेल्या एका प्रवासवृत्तांताने मागावा.