विधी अभ्यासक्रमाची पूर्वतयारी

विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणारा विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो शाखेचा. त्याचे उत्तर सोपे आहे. कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्यास पाच वर्षांचा आणि कोणत्याही विद्याशाखेच्या पदवीधरास तीन वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार अर्हता परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गास ४५, इतर मागासवर्गास ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण आवश्यक असतात. दहावी-बारावी न होता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी मिळविणारा उमेदवार मात्र या नियमांनुसार पात्र ठरत नाही. ही गोष्ट पुष्कळांना फार उशिरा कळते.

खरी तयारी भाषेची आहे. राज्याची विधी प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी द्यावी लागणारी 'क्लॅट' परीक्षा इंग्रजीत होते. २०२० पासून तिचे प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात, त्यामुळे केवळ पाठांतर तेथे फारसे कामास येत नाही. पुढे व्यवसायातही हीच दुहेरी कसोटी असते. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो. उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते.

म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने स्वतःस कमी लेखण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या घरात सातबारा असतोच. त्यावरील 'भोगवटादार वर्ग १' आणि 'वर्ग २' या नोंदींत एका आकड्याचाच फरक दिसतो. परंतु वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याचे निर्बंध असतात. ते न पाहता केलेली खरेदी अडचणीत येऊ शकते. शब्द असा निरखून वाचण्याची सवय ज्याला लागली, त्याची अर्धी तयारी झाली, असे म्हणावयास हरकत नाही. उरलेली अर्धी इंग्रजीची, आणि ती अकरावीपासूनच सुरू करावी. राज्यघटनेच्या मराठी व इंग्रजी प्रती शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद वाचावा, त्याचा आशय दोन्ही भाषांत चार-चार ओळींत लिहावा आणि शिक्षकांकडून तपासून घ्यावा.

जुनी मार्गदर्शक पुस्तके घेताना मात्र सावध असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत.