कुत्र्याच्या पाठीवरची पडशी

जनावराच्या पाठीवर किती ओझं लादावं, याचा एक सरकारी तक्ता आहे. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली जे नियम झाले, त्यांत तो सापडतो. गाढवाला ५० किलो, तट्टाला ७०, खेचराला २००, उंटाला २५०. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन या जनावरांना कामाला लावायचं नाही, विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, हेही त्यातच आहे. कुत्र्याचं नाव या तक्त्यात नाही. मूळ कायद्याचं अकरावं कलम कुठल्याही प्राण्यावर जादा ओझं लादणं हा गुन्हा मानतं, त्यामुळे कुत्रा कायद्याबाहेर राहत नाही. पण त्याच्यासाठी किलोंचा आकडा ठरवावा असं कुणाला वाटलं नसावं. आपल्याकडे कुत्र्यावर ओझं लादतो कोण?

आता लादतात. सुरतजवळच्या पलसाणा चोकडीवर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडून, नवापूर-व्यारा-बारडोलीवरून येणारा रस्ता मिळतो. याच रस्त्याने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं सुरत, कडोदरा, पलसाण्याच्या कापडगिरण्यांत कामाला आली. त्यांची पुढची पिढी सुट्टीला गाडीत तंबू टाकून उलट दिशेने निघते: डांगात, सापुताऱ्याला, हौशी असली तर थेट साल्हेर-मुल्हेरला. सोबत लॅब्राडॉर असतो, आणि हल्ली त्याच्या पाठीवर ऑनलाइन मागवलेली, दोन्ही अंगांना कप्पे लोंबणारी पडशी दिसू लागली आहे. फोटोत छान दिसते, यात वाद नाही.

विकणारे आणि काही प्रशिक्षक तिची दोन कारणं सांगतात. एक, ओझ्याने कुत्र्याची मस्ती जिरते. दोन, तो आपलं सामान आपण वाहतो.

मस्तीचा हिशेब आधी करू. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले सी. रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर, कुत्रे, माणसं आणि घोडे यांच्या पाठीवर वजन बांधून त्यांना पळवलं आणि प्रत्येक जण किती ऑक्सिजन खर्च करतो ते मोजलं. वजन शरीराच्या ७ ते २७ टक्क्यांपर्यंत. निष्कर्ष असा निघाला की ओझं जितके टक्के, तितकेच टक्के ऑक्सिजनचा खर्च वाढतो. उंदराला आणि घोड्याला नियम एकच. हा प्रयोग पळण्याचा होता, पण चालण्याला तो ढोबळमानाने लावून पाहा. २५ किलोच्या कुत्र्यावर अडीच किलोची पडशी टाकली, तर तासाभराच्या फेरीत त्याचा खर्च दहा टक्क्यांनी वाढेल. म्हणजे एवढी खटपट करून जी दमणूक होते, ती पडशी न घालता सहा मिनिटं जास्त चाललं तरी होते. कुत्र्याला मनसोक्त हुंगू द्यावं, तो त्याहून लवकर शांत होतो.

आता सामान. कुत्र्यावर किती वजन चालेल याचे जे अंदाज प्रचलित आहेत, ते शरीराच्या दहा टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. वरचा आकडा कसलेल्या, थंड मुलखातल्या, रोज काम करणाऱ्या कुत्र्यांचा समजावा. घरच्या कुत्र्याला दहा टक्के हीच सावध मर्यादा. आपल्या २५ किलोच्या लॅब्राडॉरला स्वस्थ बसूनही दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलीटर, म्हणजे सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. उन्हात, चढावर ते सहज दुप्पट होतं. अडीच-तीन लिटर पाणी म्हणजे अडीच-तीन किलो. दिवसभराचं स्वतःचं पाणीच त्याच्या मर्यादेत मावत नाही. खाणं, वाटी, दोरी यांचा प्रश्नच पुढे येत नाही. ते शेवटी मालकाच्याच पाठीवर जाणार.

मग जगात कुत्र्यांनी ओझी वाहिलीच नाहीत का? वाहिली, भरपूर वाहिली. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत स्पॅनिश लोकांचे घोडे पोहोचण्यापूर्वी तिथल्या जमातींचा सगळा संसार कुत्र्यांवर हलत असे. दोन लांब काठ्या खांद्याशी जोडायच्या, त्यांची दुसरी टोकं जमिनीवर घासत न्यायची आणि मध्ये सामान बांधायचं. उत्तरेकडे इन्युइट लोक हिवाळ्यात कुत्र्यांना घसरगाडीला जुंपत आणि उन्हाळ्यात बर्फ गेलं की त्यांच्याच पाठीवर पिशव्या बांधत. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे दीडशे कुत्र्यांनी हजारावर किलोमीटरचं अंतर टप्प्याटप्प्याने कापून साडेपाच दिवसांत प्रतिविष (सीरम) पोहोचवलं. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसची कुत्री मलमपट्टीचं सामान पाठीवर घेऊन जखमी सैनिक शोधत फिरली. (गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवलेला सेंट बर्नार्ड मात्र या यादीत येत नाही. ते पिंप एडविन लँडसीयर या चित्रकाराच्या १८२० च्या चित्रातून लोकांच्या डोक्यात बसलं.)

ही उदाहरणं नीट पाहिली की दोन गोष्टी ध्यानात येतात. बहुतेक ठिकाणी कुत्रा ओढतो आहे, पाठीवर वाहत नाही. ओढताना वजन जमीन किंवा बर्फ पेलतं, कुत्र्याला फक्त छातीने रेटायचं असतं. आणि मोठ्या ओझ्यांचा मुलूख जवळजवळ नेहमी थंड आहे, किंवा घोडा-बैल नसलेला आहे. इंग्लंडमध्ये गाडीची कुत्री होती, पण क्रूरतेच्या तक्रारी वाढल्या आणि १८३९ च्या कायद्याने लंडनमध्ये, १८५४ च्या कायद्याने देशभर कुत्र्यांच्या गाड्या बंद झाल्या.

आपल्याकडे उलट चित्र आहे आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. लमाणांच्या तांड्यात धान्य-मिठाच्या गोणी बैलांवर आणि राखणीला कुत्री. घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा वाड्याचा सगळा बाडबिस्तरा घोड्यांवर असतो, चालून दमलेली कोकरंही तिथेच. कुत्रा मोकळा. हिमालयात तर कमाल आहे. उत्तराखंडचे भोटिया व्यापारी १९६२ पर्यंत तिबेटच्या खिंडींतून मिठाचा आणि धान्याचा व्यापार करत. त्यासाठी ते चक्क मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादत. सोबत चांगले दांडगे, केसाळ कुत्रे असत आणि ते रिकाम्या पाठीने चालत. मेंढीवर ओझं आणि तिच्यापेक्षा दणकट कुत्र्यावर नाही!

यात भूतदया शोधायला जाऊ नये. हा पोटाचा हिशेब आहे. मेंढी, बैल, घोडा वाटेत चरतात, त्यांचं इंधन रस्त्याच्या कडेला फुकट उगवतं. कुत्रा आपल्याच भाकरीत वाटेकरी असतो. जिथे गवत नाही पण सील आणि मासे मुबलक आहेत, तिथे कुत्र्याला राबवणं परवडतं. जिथे कुरण आहे, तिथे त्याच्या नाकाचा, कानांचा आणि दातांचा उपयोग करून घ्यावा. आणि रात्री जागायचं काम ज्याच्याकडे, त्याला दिवसा दमवून ठेवणं हा शुद्ध तोटा.

पलसाण्यात या हिशेबात आणखी एक रकाना वाढतो, उष्णतेचा. स्नायूंत जाळलेल्या ऊर्जेचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. ओझ्याने दहा टक्के जास्त ऊर्जा जळली, तर दहा टक्के जास्त उष्णता तयार झाली. माणूस ती घामावर सोडून देतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापण्यावर. धापताना तो मिनिटाला तीनशेच्या आसपास श्वास घेतो. एवढं धापायला जी मेहनत लागेल तिनेच तो आणखी तापायला हवा. पण ही गती त्याच्या छाती-फुप्फुसांच्या नैसर्गिक लयीशी जुळलेली असते, हे क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये दाखवलं. झोपाळ्याला योग्य क्षणी हलका रेटा दिला की तो आपसूक झुलतो, तसं. नाकातल्या ग्रंथी पाणी सोडतात, हवा त्यावरून सपासप फिरते, पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जातं.

यंत्रणा उत्तम, पण ती चालते कोरड्या हवेत. सुरतेकडची हवा समुद्राची. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे ती आधीच बाष्पाने भरलेली असते. नाकातलं पाणी वाफ होत नाही, कुत्रा धापत राहतो आणि तापतही राहतो. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ४१ च्या वर धोका सुरू होतो. वरून पडशीने दोन्ही कुशी झाकलेल्या आणि तिचा पट्टा विरळ केसांच्या पोटाखालून आवळलेला. गार जमिनीवर पोट टेकून निवणं ही कुत्र्याची हुकमी युक्ती, तीही अडते. म्हणून किती किलो हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. पारा किती आणि दमटपणा किती, हे आधी विचारावं. २००३ च्या ‘हच’च्या जाहिरातीनंतर घरोघर आलेल्या पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापायची सोयच अपुरी, त्यांच्या बाबतीत हा विषय इथेच संपतो.

शरीराची ठेवणही बघायला हवी. कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं, असतो तो त्याचा नुसता अवशेष. पुढचे पाय धडाला हाडाने नव्हे, स्नायूंनी टांगलेले असतात, आणि उभ्या कुत्र्याचं सुमारे साठ टक्के वजन त्याच पायांवर येतं. खांद्यांजवळ ठेवलेलं ओझं तिथेच भर घालतं. ते मागे सरकवून कमरेवर टाकणं त्याहून वाईट, कारण तिथे खाली बरगड्यांचा आधार नाही. साल्हेरसारख्या गडावर पायऱ्या उतरताना सगळा धक्का पुढच्या पायांना बसतो. मोठ्या जातींच्या पिलांच्या हाडांतल्या वाढीच्या कूर्चा बारा ते अठरा महिन्यांपर्यंत मिटत नाहीत. तोवर पडशी नकोच. म्हातारा, लठ्ठ किंवा खुब्याचं दुखणं असलेला कुत्राही वगळा. लठ्ठ लॅब्राडॉर तर आपली पडशी कातडीखाली घेऊनच फिरत असतो.

डांगात जाणाऱ्यांसाठी वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सुरत जिल्ह्यातल्या उसात आणि डांगाच्या जंगलात बिबटे आहेत. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा ३९ टक्के भाग पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. तेव्हा रात्री कुत्रा तंबूबाहेर बांधू नये. पूर्णा अभयारण्य किंवा वांसदा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर त्याला नेऊच नये. २०१८ मध्ये गीरमध्ये २३ सिंह दगावले, त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. लसीकरण पूर्ण नसलेला कुत्रा जंगलात काय पसरवू शकतो, हे यावरून कळेल.

तरीही हौस असेलच, तर ती थंडीत भागवावी. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी नऊच्या आत, दीड-दोन वर्षांपुढचा धडधाकट कुत्रा असेल तर काही बिघडत नाही. आधी रिकामी पडशी घालून काही दिवस घराभोवती फिरवावं. मग घडीची वाटी, टॉवेल, मूठभर खाणं, एवढंच भरावं, किलोच्या आत; आणि दोन्ही कप्पे सारख्या वजनाचे, नाहीतर पडशी एका अंगाला कलते आणि काखेत घासून जखम होते. पाणी आपल्याकडे. दर थांब्याला पडशी उतरवून काखा आणि छातीखालची कातडी चाचपावी. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, चाल अडखळली की पडशी तिथेच काढायची, सावलीत नेऊन अंगभर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा. आधी अंग निववायचं, गाडी आणि डॉक्टर त्यानंतर.